घशातले दोघे

"कोणाला मारलंस?"

"एकालाच, महाराज."

"एकालाच म्हणजे... दुसरा होता?"

डॉक्टरांनी शेजारच्या डब्यावर हात ठेवला.

खेमगिरी महाराजांनी मानेवरचा अंगठा उचलला. अंगठा उचलला की त्यांचं बोलणं थांबतं. चिलमीनं त्यांचा गळा खाल्ला तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी ऑपरेशन करून स्वरयंत्र काढून टाकलं होतं. मानेला पुढच्या बाजूनं एक भोक उरलं, श्वास तिथून. आत श्वासनळी आणि अन्ननळी यांच्या मधल्या भिंतीत सिलिकॉनची एक बारकी झडप बसवलेली. भोकावर अंगठा दाबला की छातीतली हवा त्या झडपेतून घशात चढते आणि खरखरीत आवाज होतो.

चार शब्द झाले की अंगठा काढायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा दाबायचा. ऐकणाऱ्याला थांबावं लागे. बऱ्याच लोकांना त्यामुळेच महाराजांचं बोलणं फार खोल वाटायचं.

मी ओट्यावर डाळ निवडत बसलो होतो. मठात फुकट जेवायचं तर काहीतरी निवडावं लागतं. खाली गोदावरीचं पात्र उन्हात आटून पडलं होतं. दुपारचं ऊन ओट्यावरून हळूहळू मागं सरकत होतं आणि बोलणारे दोघं माझ्यापासून हाताच्या अंतरावर होते.

डॉक्टर म्हणजे मकरंद टाकळकर. जिल्ह्याच्या गावी त्यांची स्वतःची लॅब. कोणाच्या रक्तात, कोणाच्या थुंकीत कोणता जंतू आहे ते यांनी सांगायचं आणि इतर डॉक्टरांनी मान डोलवायची. माणूस हुशार. आपण हुशार आहोत हे त्यांना कोणी सांगावं लागत नसे, तेवढीच इतरांची सोय.

त्यांना मंत्र हवा होता.

या मठाची मंत्र देण्याची रीत जुनी आहे. गुरू गुळाचा खडा दातानं तोडतो आणि उरलेला शिष्याच्या तोंडात घालतो. तो उष्टा गूळ गिळला की मग कानात मंत्र. मंत्र लिहायचा नाही, कुणाजवळ निरोप म्हणून ठेवायचा नाही. गुरूच्या तोंडून निघून शिष्याच्या कानात गेला तरच तो गेला. महाराजांना तो असाच मिळाला होता. त्यांनी मात्र अजून कोणालाच दिला नव्हता.

डॉक्टरांना देतो म्हणाले. डॉक्टर आनंदानं तयार झाले. फक्त गूळ आडवा आला.

महाराजांच्या जिभेवर पांढरा थर असे. मठात स्वयंपाक करणारी सुंदराबाई म्हणे, दूध पिऊन चूळ भरत नाहीत. डॉक्टरांना तिथं दूध दिसलं नाही, बुरशी दिसली. त्यांनी जिभेवरून कापूस फिरवला, नमुना घेऊन गेले आणि परत आले ते कॅप्सूल घेऊनच.

"आधी तोंड स्वच्छ होऊ द्या, मग तुमचं उष्टं खातो," असं काही ते म्हणाले नाहीत. शिकलेला माणूस असं बोलत नाही. "महाराज, तुमच्या तब्येतीसाठी आहे," म्हणाले.

महाराजांनी त्यांच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं आणि कॅप्सूल घेतल्या. एकही चुकवली नाही.

थर गेला. जीभ लहान लेकरासारखी गुलाबी झाली. डॉक्टर फार खूश होते, त्या दिवशी माझ्याशीही दोन शब्द बोलले.

मग पाणी गळायला लागलं.

महाराज घोट घ्यायचे आणि तो मानेच्या भोकातून बाहेर यायचा. खोकून खोकून डोळे पांढरे व्हायचे. झडप मिटेना. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी बघितलं आणि स्पष्ट सांगितलं की झडपेभोवतीचं भोक सैल झालंय, त्यात नवी धरणार नाही. प्यालेलं पाणी फुफ्फुसात चाललंय. जुनी काढायची आणि ते आतलं भोक बुजू द्यायचं. नाहीतर माणूस जाईल.

उद्या सकाळी दवाखान्याची गाडी येणार होती. झडप गेली की आवाज गेला. आज दिवस मावळेपर्यंत जे काय बोलायचं तेवढंच.

आणि ती शेवटची दुपार महाराज हे विचारण्यात घालवत होते.

"दुसरा होता," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"का?"

डॉक्टरांनी बरोबर आणलेला थर्माकोलचा डबा पुढं ओढला. आत जंतू वाढवायच्या चपट्या, गोल, झाकणाच्या प्लेटा होत्या. "पहिल्या वेळी तुमच्या तोंडातलं जे काही उगवलं, ते सगळं पांढरं होतं. एकसारखं. साय धरल्यासारखे ठिपके. मी त्यातला सगळ्यात मोठा उचलला आणि वेगळा वाढवला. लॅबमध्ये असंच करतात, महाराज. एक ठिपका म्हणजे एक जात. भेसळ नको म्हणून."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे पण तेच असणार, असं धरलं."

महाराज हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसतो, नुसते खांदे हलतात.

"भेसळ नको," ते म्हणाले. "गुळाच्या वेळी पण... हेच म्हणाला होतास."

"मी म्हणालो नव्हतो, महाराज."

"नव्हतास."

डॉक्टरांचे कान लाल झाले. मी डाळीत मान घातली.

"पहिली काढ."

डॉक्टरांनी पहिली प्लेट काढली. जुना नमुना लॅबच्या फ्रिजमध्ये पडून होता. पाणी गळायला लागल्यावर त्यांनी त्यातलं थोडं पुन्हा पेरलं होतं, या वेळी रंगाच्या खाद्यावर. त्या खाद्यावर बुरशीची प्रत्येक जात आपापला रंग दाखवते म्हणे. मी वाकून पाहिलं. हिरवे ठिपके होते, चांगले टपोरे. आणि त्यांच्या कुशीत, दोन हिरव्यांच्या सांदीत, बारीक बारीक जांभळे.

"हिरव्याचं नाव?"

"अल्बिकन्स."

"जांभळ्याचं?"

"ग्लाब्राटा."

महाराजांनी अंगठा काढला आणि दोन्ही नावं नुसती ओठांवर घोळवली.

तेव्हा मी ते ऐकलं. अंगठा भोकावर नव्हता. ओठ मिटलेले होते. तरी त्यांच्या घशातून आवाज येत होता... बुडबुड, मग थोडी खरखर, मग पुन्हा बुडबुड. बंद दाराआड कोणीतरी खालच्या आवाजात बोलत असावं तसा. महाराज मान किंचित कलती करून बसले होते. एरवी त्यांचं बोलणं संपेपर्यंत आम्ही थांबतो, तसे ते थांबले होते.

आवाज थांबला. त्यांनी अंगठा दाबला.

"दोघं एकत्र कसे राहतात?"

"हिरवा लांब धागे काढतो," डॉक्टर म्हणाले. समजावून सांगायचं असलं की त्यांचा जीव भांड्यात पडे. "त्या धाग्यांनी तो भोक पाडतो. मांसात, सिलिकॉनमध्येसुद्धा. जांभळ्याला धागे नाहीत. तो गोल आणि बारका. एकटा असला तर वरच्या वर राहील. पण तो हिरव्याच्या धाग्याला चिकटतो आणि त्याच्याबरोबर आत जातो. मग दोघं मिळून चिकट थर धरतात. त्या थरात औषध नीट पोचत नाही."

"वाट एकानं काढायची... चालायचं दोघांनी."

"हो."

"तू वाट काढणाऱ्याला मारलंस."

"हो."

"तेव्हा दुसरा कुठं होता?"

"आत पोचलेला होता. ते औषध त्याला फारसं बाधत नाही. हिरवा मेला, जागा रिकामी झाली, खाणंपिणं सगळं त्याचंच. तो पसरला."

"दुसरी काढ."

दुसरी प्लेट महाराजांच्या आत्ताच्या तोंडातली. तिच्यात ठिपके मोजायची सोयच नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंत जांभळा रंग, सपाट, ओला, चमकणारा. हिरवा औषधालाही सापडला नसता.

मला ती बघवेना. का ते सांगता येणार नाही. शेवटी बुरशीच ती, भाकरीवर येते तशीच. पण पहिल्या प्लेटीत कोणीतरी राहत होतं असं वाटलं होतं, आणि या दुसरीत कोणीतरी टपून बसलंय असं वाटलं.

"हिरवा होता तेव्हा," महाराज म्हणाले, "बोलताना शीळ वाजायची. ऐकली होतीस?"

"हो. झडपेवर थर साठला की हवा..."

"ती गेली."

"हो."

"आता आहे तो शीळ वाजवत नाही. मी बोलतो तेव्हा... गप्प असतो. माझं संपायची वाट बघतो." अंगठा निघाला. छाती भरली. अंगठा दाबला. "मग बोलतो."

"महाराज, ती हवा आहे. झडप मिटत नाही, त्यामुळं लाळ आणि हवा मिळून बुडबुडे होतात."

"मी काय म्हणालो?"

"तो बोलतो म्हणालात."

"तू ऐकलंस?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय मदत करणार?

"ऐकलं," ते म्हणाले.

"काय म्हणाला?"

"कळलं नाही, महाराज."

"मलाही कळत नाही," महाराज म्हणाले. "पहिल्याचं कळायचं."

तेवढ्यात सुंदराबाई आतून वाटी घेऊन आली. तिनं तांदळाची पेज आटवून घट्ट केली होती. पातळ काही दिलं की छातीत जातंय हे तिला कोणी सांगायची गरज पडली नव्हती. महाराजांचं सगळं ती गेली कैक वर्षं बघत आलेली, आणि या कॅप्सूलवाल्यावर तिचा मनापासून राग होता.

"डाक्तरसाहेब, बोलू द्यायलाव तर पाजू बी द्या थोडं. सकाळधरनं पोटात काई न्हाई त्यांच्या."

महाराजांनी चमचाभर पेज घेतली. गिळली. आम्ही तिघंही त्यांच्या मानेकडं बघत राहिलो.

आधी काहीच झालं नाही. मग भोकाच्या कडेला एक पांढरा थेंब दिसला. तो फुगला आणि ओघळला. पाठोपाठ खोकला आला. महाराज पुढं वाकले, हातानं जमीन धरली. खोकल्याला आवाज नव्हता, नुसता वारा आणि पेजेचे शिंतोडे. सुंदराबाई पाठीवरून हात फिरवत राहिली. डॉक्टरांनी खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढून भोकाभोवती टिपलं.

"माझी चूक झाली, महाराज," ते म्हणाले. "मला गुळाची किळस आली होती. तब्येतीचं मी खोटं सांगितलं."

हे त्यांना फार आधी म्हणायचं असावं. म्हणून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

महाराजांचा श्वास हळूहळू जागेवर आला. त्यांनी ओठ पुसले. अंगठा दाबला.

"तिसरी काढ."

डॉक्टर हलले नाहीत.

डब्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते मीही पाहिलं होतं. मागच्या खेपेला महाराज त्यांना म्हणाले होते की रंगाच्या खाद्यावर माझं वाढवशील तेव्हा तुझीही जीभ लाव. तेव्हा डॉक्टर हसले होते. पण गुरूनं सांगितलं म्हणून घरी जाऊन गुपचूप लावली असणार.

"त्यात काही विशेष नाही, महाराज."

"मग काढ."

कागद सुटला. डॉक्टरांनी प्लेट ओट्यावर ठेवली आणि हात मागं घेतला.

सुंदराबाई वाकली. वाटी तिच्या हातात तिरकी झाली.

"आगं माय," ती हळूच म्हणाली. "ही तर जीभ हाय."

जीभच होती. टोक, दोन्ही कडा, मधली घळ, सगळी जशीच्या तशी उमटलेली आणि उगवलेली. टोकाकडं हिरवी. मागं मुळाकडं जांभळी. मध्ये दोन्ही रंग एकमेकांत शिरलेले. प्लेटीच्या तळाशी ती पडून होती आणि झाकणाला आतून दव धरलं होतं, तिनं श्वास सोडल्यासारखं.

खालून एक टिटवी ओरडत गेली.

"कोणाची?" सुंदराबाईनं विचारलं.

"माझी," डॉक्टर म्हणाले.

तिनं डॉक्टरांच्या तोंडाकडं पाहिलं, मग प्लेटीकडं, मग पुन्हा तोंडाकडं. वाटी उचलून ती आत गेली. आत गेल्यावर तिनं भांडं आपटलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"दोघंही आहेत?" महाराजांनी विचारलं.

"दोघंही."

"कधीपासून?"

"ते सांगता येत नाही. पुष्कळ लोकांच्या तोंडात असतात. निरोगी माणसाला काही करत नाहीत. लहानपणापासून असतील. आईच्या दुधाबरोबर आले असतील."

"तुला शीळ ऐकू येते?"

"नाही."

"बोलताना कोणी थांबून राहतं?"

"नाही, महाराज."

"लक्ष दिलंस कधी?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बोलायच्या आधी आत जरा थांबून बघावं, तसं काहीतरी त्यांनी केलं. माझीही जीभ नकळत दातांवरून फिरली. तेव्हापासून ती सवय मला लागली आहे, अजून गेलेली नाही.

"माझ्या उष्ट्यात जे होतं," महाराज म्हणाले, "ते तुझ्यात होतं."

"हो."

"मग मारलंस कोणाला?"

डॉक्टरांनी हात जोडले. ओट्यावरचं ऊन आता पायरीखाली उतरलं होतं.

"महाराज, आज मला मंत्र द्या. उद्या हा आवाज राहणार नाही. मागाल तो शब्द देतो, पण मंत्र तुमच्याबरोबर जाऊ देऊ नका. तुमच्या गुरूंनी दिलेला आहे तो, त्यांच्या गुरूंनी दिलेला. माझ्यामुळं तुटला असं नको व्हायला." त्यांनी जोडलेले हात कपाळाला लावले. "उष्टं जसं असेल तसं द्या. मी खातो. मला आता काही वाटत नाही."

"वाटत नाही?"

"वाटतं. पण खातो."

महाराजांना हे उत्तर आवडलं असावं. त्यांनी कोनाड्याकडं बोट दाखवलं. मी उठलो, गुळाचा डबा आणून दिला. त्यांनी चाचपून एक खडा काढला, लिंबाएवढा, काळसर.

डॉक्टर पुढं सरकले. गुडघे टेकले. डोळे मिटले आणि तोंड उघडलं. एवढा मोठा माणूस, घास मागणाऱ्या लेकरासारखा दिसत होता.

महाराजांनी खडा आपल्या तोंडाकडं नेलाच नाही.

त्यांनी तो डॉक्टरांच्या ओठांना लावला.

"चाव."

डॉक्टरांनी डोळे उघडले. "आधी तुम्ही, महाराज. रीत..."

"चाव."

त्यांनी चावला. गुळाचा तुकडा गालात धरून ते गोंधळून बसून राहिले. उरलेल्या खड्यावर त्यांच्या दातांची ओळ उमटली होती, ओली.

महाराजांनी तो खडा उजेडाकडं धरून पाहिला आणि आपल्या तोंडाकडं नेला.

डॉक्टरांनी त्यांचं मनगट पकडलं. गुरूचा हात असा धरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"नको. महाराज, ऐका माझं. यात तो हिरवा आहे. तुमच्या अंगात आता ताकद नाही. तो पुन्हा धागे काढेल, पुन्हा भोक पाडेल."

"भोक तर पडलंय."

"जांभळा त्याच्याबरोबर आणखी आत जाईल. रक्तात जाईल. तुम्ही मराल, महाराज."

महाराजांनी दुसऱ्या हातानं त्यांची बोटं एक एक करून सोडवली. रागानं नाही. लेकराच्या मुठीतून काहीतरी काढून घेतो तसं. मग खडा तोंडात टाकला.

ते सावकाश चघळत राहिले. गूळ विरघळायला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही बसून होतो, आणि त्या वेळात घशातला तो बुडबुडणारा आवाज एकदाही आला नाही. आतलं कोणीतरी चाहूल घेत असावं, इतकं ते गप्प होतं. सुंदराबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं पदर तोंडावर धरला होता.

महाराजांनी गिळलं.

डॉक्टर त्यांच्या मानेकडं बघत होते. एक पिवळट थेंब भोकाच्या कडेला आला, थांबला, आणि आत परतला. खोकला आला नाही.

"आता मंत्र, महाराज," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मान कलती करून आपला कान पुढं केला.

महाराजांनी त्यांची हनुवटी धरली आणि तोंड सरळ केलं. मग ते स्वतः वाकले. पाठीची हाडं दिसेपर्यंत वाकले, आणि आपला कान डॉक्टरांच्या ओठांजवळ नेऊन ठेवला.

डॉक्टर घाबरून मागं झाले. महाराज तसेच वाकून राहिले.

"महाराज... मला मंत्र येत नाही."

महाराजांनी डोळे मिटले. अंगठा चाचपडत मानेपाशी आला आणि भोकावर बसला.

"सांग... आत आम्ही तिघंही ऐकतोय."